आखूड झगे

चर्चच्या गायनमंडळाचे पांढरे झगे टेलरमामांनीच शिवले होते, आणि ते घालून शेवटच्या रांगेत उभं राहणाऱ्यांतही मामा होतेच. पहिल्या धुण्यात सगळे झगे आटले. बायकांचे घोट्याच्या वर गेले, पुरुषांचे पोटरीवर, आणि मामांचं निम्मं कापड पोटाने आधीच गिळलेलं असल्यामुळे त्यांचा थेट गुडघ्यावर.

"देवाची स्तुती करायची की पाय दाखवायचे?" पहिल्या रांगेतल्या नर्सबाई कडाडल्या.

खापर फुटलं लाँड्रीवाल्यावर. त्याने म्हणे उकळत्या पाण्यात घातले. "कोमटच होतं हो पाणी," तो जीव तोडून सांगत राहिला, पण ऐकतो कोण? चर्चचं काम दुसऱ्या लाँड्रीला द्यायचं ठरलं. रविवारी उपासना संपली की पाळक तसं जाहीर करणार होते.

खरं काय ते मामांना ठाऊक होतं. सुती कापड आधी भिजवायचं, वाळवायचं आणि मगच कात्री लावायची. हा धडा त्यांनी प्रत्येक शिकाऊला कान धरून शिकवला होता. या वेळी घाई होती, शिवाय कापडाची घडी इतकी देखणी की पाण्यात घालवेना. आता आठवडाभर मामा स्वतःची बाजू स्वतःपुढेच मांडत होते आणि स्वतःच मान डोलावत होते. चूक गिरणीची. चूक हवेची. झालंच तर चूक सुताची.

रविवारी वाचन निघालं ते बायबलमधल्या आखानाचं. त्याने लुटीतला माल तंबूत पुरून ठेवला आणि सगळं इस्राएल लढाईत हरलं. पाप एकाचं, मेली भलतीच माणसं. मामा निवांत ऐकत होते. लढाईशी त्यांचा काय संबंध? मग कळलं, आखानाने चोरलं काय, तर सोन्या-चांदीच्याही आधी एक सुरेख झगा.

मामांच्या उघड्या गुडघ्यांना एकदम वारा लागला. चोरण्यासारख्या इतक्या वस्तू, आणि या गृहस्थाला झगाच सापडावा! त्यात देव एकदम बोट दाखवत नाही, चिठ्ठ्या टाकायला लावतो. आधी वंश, मग कुळ, मग घराणं, मग माणूस. मामांनी हिशेब लावला: आधी मंडळ, मग शेवटची रांग, मग... आखान चिठ्ठी निघेपर्यंत गप्प बसला होता. पुढे त्याला दगडमार झाला. नर्सबाईंचा नेम चांगला असणार, अशी मामांना खात्री होती.

उपासना संपली. पाळकांनी 'लाँड्रीबद्दल' एवढा शब्द उच्चारला आणि मामा उभे राहिले. मनात भाषण मोठं जुळवलं होतं, त्यात छावणी होती, आखान होता. तोंडातून निघालं, "कापड भिजवलं नव्हतं मी."

"कुठलं कापड, मामा?"

"हेच. अंगावरचं. लाँड्रीवाल्याचा दोष नाही. काम त्याच्याकडेच राहू द्या."

मामांनी डोळे मिटून घेतले. दगड सोडा, कोणी खडाही मारला नाही.

"राहू द्या तर राहू द्या," नर्सबाई म्हणाल्या. "खाली पट्टी जोडा सगळ्यांना. आणि पहिली तुमच्या झग्याला. ते गुडघे बघवत नाहीत."

पाळकांनीही मान हलवली. मामांना जरा अपमानच वाटला. एवढं मोठं पाप, आणि नुसती पट्टी?

पण खरा निवाडा बाहेर पायरीवर उभा होता.

"चर्चचं काम राहिलं, बरं झालं," लाँड्रीवाला म्हणाला. "पण गल्लीतल्या घरांनीही कपडे देणं बंद केलंय. ते कोण परत आणणार? चला माझ्याबरोबर. घरोघर सांगा."

"झगा बदलून येतो."

"असेच चला. लोकांना लगेच पटेल."

पहिल्याच दारातल्या वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मामांचे गुडघे पाहून घेतले, आत गेल्या आणि नवऱ्याची आखूड पँट घेऊन आल्या.

"मग ही कोणाची करणी? हिच्यावरूनच तर भांडले मी याच्याशी."

मामांनी पँट उलटी करून शिवण पाहिली.

"हीसुद्धा माझीच," ते म्हणाले.

लाँड्रीवाल्याने पुढच्या घराची बेल वाजवली.