पाठीवरचं कातडं

प्रांजलीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाण्याचा टँकर यायच्या आत मेंढ्यांचं वाडगं झाडून झालं पाहिजे, हा आई बानाबाईचा नियम. मग ती चितेगावला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात जायची. तिथला कॉम्प्युटर आणि ईमेल तिच्याकडं.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात फसव्या ईमेलांचा लोंढा आला. कॉम्प्युटरात मेल गाळणारी गाळणी, म्हणजे फिल्टर होता, पण ती नुसते शब्द मोजायची. खोट्या जाहिरातींत येणारे शब्द जास्त दिसले, की मेल कचऱ्यात. पण हे नवे मेल बिनबोभाट आत येत. प्रांजलीनं एका मेलातला सगळा मजकूर माऊसनं निवडून पाहिला. खाली पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळीच्या ओळी दडल्या होत्या: पंप, वॉशर, डिलिव्हरी, बिल. गाळणीला मेल धंद्याचाच वाटावा म्हणून. ती बघतच राहिली. कुण्या न दिसणाऱ्या माणसानं केवढी मेहनत घेतली होती.

तिनं गाळणी घट्ट केली. तर लासूर स्टेशनच्या व्यापाऱ्याची खरी ऑर्डरच कचऱ्यात गेली.

"अजून एक ऑर्डर हुकली, की तू मेंढ्या राखायला मोकळी," मालक काकासाहेब म्हणाले.

"मेंढ्या तरी कुठं राहत्यात, काका."

चराईची रानं प्लॉटांत गेली होती, उरलेली उन्हानं जळाली होती. तिचा पगार थांबला तर कळप बाजारात जाणार होता.

दुसऱ्या पहाटे एका मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं. बानाबाईनं त्याचं कातडं सोलून एका पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधलं. मेंढीनं हुंगलं आणि गप उभी राहिली.

"आये, फसली की ती."

"फसंल नाय तर काय. वासावर चालती ती. तू नको हुंगत बसू, खराटा घे."

प्रांजली हलली नाही. कातडं दुसऱ्याचं होतं, पण कोकराचं तोंड थेट सडाकडं गेलं होतं.

त्या दिवशी तिनं शब्द मोजणं सोडलं. फसव्या मेलातली लिंक कुठं नेते, तेवढंच पाहिलं. शेकडो मेल, नावं निराळी, मजकूर निराळा. तोंडं मात्र सगळ्यांची त्याच दोन-तीन ठिकाणी. ती ठिकाणं तिनं गाळणीत बंद केली. संध्याकाळपर्यंत लोंढा आटला. ऑर्डरी येत राहिल्या.

"कुठं शिकलीस हे?" काकासाहेबांनी विचारलं.

"वाडग्यात."

नोकरी टिकली. त्या महिन्याच्या पगारातून मेंढ्यांसाठी उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा टेम्पो आला. ती मेंढी वाढं चघळत उभी होती. कोकराच्या पाठीवरचं कातडं कधीच काढलं होतं. तरी ती त्याला पाजत होती.