दोन घागरी चांगलं पाणी

मिस्त्री बाही कोपराच्या वर सारायचे, उकिडवे बसायचे आणि समोरच्या शेणकाल्याच्या हौदात सरळ हात घालायचे. मूठभर काला वर काढायचा, अंगठ्यानं चोळायचा, डोळे मिटून नाकाशी न्यायचा. बघणाऱ्याला वाटावं, अत्तरवाल्याकडे बसलाय माणूस. मग डोळे उघडून गिऱ्हाइकाला विचारायचे, "ह्यात काय काय हाय, ते सांगा की आदी."

गिऱ्हाईक बिचारं पंपाची चौकशी करायला आलेलं असायचं. किती घोड्यांचा, विलायती की देशी, असले त्याचे प्रश्न. मिस्त्रींना त्याचं काहीच नसायचं. "निसतं पानी कुनी बी उचलंल वो," ते म्हणायचे. "पान्यात काय हाय, त्येच्यावर पंप ठरतो."

एकोणीसशे तिसाच्या पुढेमागे मी सोलापुरात यंत्रसामानाच्या एका दुकानात कारकून होतो. इंजिनं, पंप, पट्टे, तेलाचे डबे, असा आमचा माल. मिस्त्री दुकानाचे फिटर. त्यांना नाव होतं, पगाराच्या वहीत मीच ते दरमहा लिहीत असे. पण मालकांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांची बायकोसुद्धा. खेड्यात पंप बसवायला जाताना कागद लिहिण्यासाठी मला बरोबर पाठवत. पांढरा कोट, काळी टोपी, नाकाला रुमाल, असा मी हौदाच्या काठी उभा राहायचो. तुम्हीही तसेच उभे राहिला असतात, उगाच मला हसू नका.

"कारकून, रुमाल काढा की जरा," मिस्त्री म्हणायचे. "वास घेतल्याबिगर कसं कळायचं तुमाला?"

मला कळून घ्यायचं नव्हतं. मला संध्याकाळच्या मोटारीनं घरी जायचं होतं.

एका रविवारी काही कामानं मी त्यांच्या खोलीवर गेलो. गिरणीच्या मागच्या चाळीत राहत. दाराबाहेर दोन घागरी भरून ठेवलेल्या. मिस्त्री कुठूनसे काम करून आले, उंबऱ्याच्या अलीकडे थांबले, आणि त्यांच्या बायकोनं बाहेर येऊन त्यांच्या हातापायांवर दोन्ही घागरी रिकाम्या केल्या. चाळीत पाण्यासाठी नळावर रांग लागायची, तरी या दोन घागरी कधी चुकत नसत. मी बघत राहिलो.

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासनं असंच हाय," मिस्त्री मला म्हणाले. "दिसभराची घान आंगावर वाळू द्यायची न्हाय. मग निगत न्हाय म्हनती ती."

"खोटं हाय व्हय?" बायको आतून म्हणाली.

तर आता त्या पंपाची गोष्ट. आमच्या दुकानाच्या दर्शनी भागात एक लाल रंगाचा विलायती पंप दोन वर्षं उभा होता. पितळी पट्टी, काळी अक्षरं, रोज सकाळी मी त्याच्यावरून फडकं फिरवायचो. घ्यायला मात्र कुणी येत नव्हतं. मिस्त्री त्याला नवरदेव म्हणायचे. मालकांना ते नाव मुळीच आवडत नव्हतं. एके दिवशी सांगोल्याकडचे एक बागाईतदार आले. सगळे त्यांना तात्या म्हणत. माळावर डाळिंबाची बाग, खाली गोठा, शंभरभर शेरडंमेंढरं. गोठ्याची सगळी घाण एका दगडी हौदात पडायची, आणि तो काला वर बागेत न्यायचा होता. तात्या दुकानात शिरले आणि थेट नवरदेवापुढे उभे राहिले. मालकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"मिस्त्री, उद्याच जाऊन जागा बघून या," मालक म्हणाले. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. फक्त मिस्त्रींना कळला नाही, किंवा त्यांनी कळू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तात्यांच्या दोन सुना डोक्यावर घमेली घेऊन काला वर वाहत होत्या. कपाळावरून, पाठीवरून ओघळ. तात्यांची म्हातारी आई गोठ्याच्या दारात बसून खेपा मोजत होती. मिस्त्रींनी बाही सारली, हौदात हात घातला. चोळून बघितलं, वास घेतला.

"शेन हाय, लेंड्या हायत, कडब्याची धसकटं हायत," ते पुटपुटले. मग मूठ उघडली. तळव्यावर हिरव्या बांगडीची काच होती. ती त्यांनी तात्यांना दाखवली. "नवरदेवाचं तोंड बारीक हाय, तात्या. आत पंखा फिरतो, तो सगळ्या बाजूंनी बंद. एक धसकट अडकलं की बसला रुसून, आन् ही काच गेली की पंखाच गेला. तुमाला त्यो नगं."

मी रुमालाच्या आत तोंडातल्या तोंडात 'गेली विक्री' म्हणालो.

आमच्या वखारीत कोपऱ्यात एक जुना हातपंप धूळ खात पडला होता. त्याला पंखाबिंखा नाही. एक लोखंडी भांडं, त्यात जाड कातड्याचा पडदा, खाली-वर दोन रुंद झडपा, आणि दोघांनी हेलकावायचा लांब दांडा. दांडा वर गेला की पडदा फुगून काला ओढायचा, खाली आला की पुढे लोटायचा. "ह्यो शेरडू जाईल एवढा घास गिळतो," मिस्त्रींनी तात्यांना सांगितलं. "आन् बिघडला तर मोटवाला चांभार बी नीट करंल. तुमचा तुमी संसार करा."

दुकानात परत आल्यावर मालक जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, "ते कातड्याचं डबडं विकतोस? विक. पण ते परत आलं, तर त्याच्या मागोमाग तूही या दुकानाची पायरी उतरायची."

मिस्त्री फक्त "व्हय" म्हणाले. गिरणीतून कमी केल्यावर दीड वर्ष त्यांनी घरी बसून काढलं होतं, आणि ते मालकांना पक्कं ठाऊक होतं. मला त्या दिवशी मालकांचा राग आला. पण माझंही पोट त्याच दुकानावर होतं, तेव्हा मी माझा राग खिशात ठेवला.

पंप देताना तो कसा सांभाळायचा याचा कागद मी लिहून द्यायचो. मिस्त्रींना लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे लिहिलेल्या अक्षरावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. ते बोटं मोजत सांगत गेले. नळाचं तोंड हौदाच्या तळापासून वीतभर वर ठेवायचं, खाली वाळू असते. तोंडाला तुरकाट्यांची टोपली बांधायची. लेंड्या दोन दिवस भिजू द्यायच्या. काला ढवळल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. झडपा आठवड्यातून एकदा उघडून पुसायच्या. कातड्याला पंधरा दिवसांनी एरंडेल चोळायचं.

"आन् सातवी," ते हसत म्हणाले, "ही माझी न्हाय, माझ्या बायकोची हाय. काम झालं की रोज दोन घागरी चांगलं पानी आतनं काढायचं. घान आत वाळू द्यायची न्हाय."

आणि इथे मी शहाणपणा केला. मनात म्हटलं, सांगोल्याकडे उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही, आणि शेणाच्या पंपाला रोज दोन घागरी? हे वाचलं तर तात्या पंप इथेच ठेवून जातील. मग मालक आहेत आणि मिस्त्री आहेत. म्हणून सातवी ओळ मी लिहिलीच नाही. मिस्त्रींचं भलं करतोय, अशी माझी समजूत होती. शिकलेल्या माणसाची समजूत, दुसरं काय!

पंप बसला तेव्हा संक्रांत नुकतीच झालेली, विहिरीला पाणी होतं. मिस्त्रींनी आपल्या हातानं पंप चालवून, धुऊन दाखवला. तात्यांना वाटलं, नव्या वस्तूचे लाड असतील. "सगळं कागदावर लिवल्यालं हाय, त्येच्यापरमानं चालू द्या," असं सांगून मिस्त्री निर्धास्त परतले. सुनांची घमेली सुटली. बाग तरारली.

चैत्रात तात्या दुकानात आले ते पंपाचा मोडका दांडा खांद्यावर घेऊनच. पंप जाम झाला होता, जोर लावला तर दांडा तुटला.

"काय ठरलं होतं?" मालकांनी मिस्त्रींना विचारलं.

मिस्त्री गोंधळले. एवढ्यात हा पंप बंद पडायचं काही कारण त्यांना दिसेना. "मीच काय तरी सांगाय इसरलो असंन," ते म्हणाले. "एकदा बघून येतो."

"शनिवारपर्यंत. चालू नाही झाला, तर तिकडूनच घरी जा."

मी वही छातीशी धरून उभा होतो. तोंड उघडलं असतं तर सगळं मिटलं असतं. मी उघडलं नाही. फक्त म्हणालो, मी बरोबर जातो.

मिस्त्रींनी पंप खोलला. आत शेण नव्हतं, सारवून वाळलेली जमीन होती. छिन्नीनं फोडावी लागली. कातडं उन्हात टाकलेल्या पापडासारखं झालेलं. ते एरंडेलात भिजत घालून मिस्त्री उठले आणि गोठ्याच्या भिंतीशी गेले. तिथे माझा कागद खळीनं चिकटवलेला होता. ते कागदापुढे उभे राहिले, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले. पुन्हा वरून खाली आले. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बागेकडे बघायला लागलो.

मिस्त्री तिथून वळले. म्हातारीपुढे जाऊन बसले. "मावशी, काम झालं की ह्येला रोज दोन घागरी चांगलं पानी द्यायचं."

"काय?" म्हातारी उठलीच. "अर्ध्या कोसावरच्या झऱ्यातनं वाटीवाटीनं उपसून घागर भरतोय आमी! मान्सं घोट मोजून पित्यात, आन् ह्या शेनखाऊला आंघोळ? तोंड बघा त्येचं!"

"खरं हाय तुमचं," मिस्त्री म्हणाले. "माझी नोकरी हाय ह्येच्यावर, तरी बी सांगतो, खरं हाय." मग त्यांनी विचारलं, "घरात रोज न्हातंय कोन?"

"ह्या दोगी. इतकी वरसं काला डोस्क्यावरनं वाहत्यात, न्हानार न्हाईत तर काय?"

"मग न्हानीचा दगड हितं पंपाशेजारी आना. भवती तुरकाट्यांची ताटी घाला. न्हाल्याचं पानी खाली खड्ड्यात पडंल, पंपाचा नळ त्येच्यात सोडा. ह्येला गंगा लागत न्हाय वो, निसतं शेन नसलं की झालं."

म्हातारी विचारात पडली. "दोगींच्या आंघोळीत दोन घागरी न्हाय व्हायच्या," ती म्हणाली.

"तात्या हायत की."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी धोतराचा सोगा सावरला. "उन्हाळ्यात मी आपलं आंग पुसून..."

म्हातारी पहिल्यांदा हसली, ती खोकला येईपर्यंत. "कवाधरनं सांगतिया मी ह्येला! आता न्हा म्हनावं! बागंसाटी तरी न्हा!"

शनिवारी दुपारी पंप चालला. दोन्ही सुनांनी नवा दांडा हेलकावला, काला वर बागेत पोचला, आणि त्यानंतर तात्यांना ताटीआड बसवून त्यांचं पाणी पंपातून काढलं. मी असा समारंभ दुसरा पाहिलेला नाही.

परतीच्या मोटारीत माझ्यानं राहवेना. "मिस्त्री, सातवी ओळ मी गाळली होती," मी म्हणालो.

"म्हाईत हाय की. मला वाचाय येत न्हाय, मोजाय येतं. सात सांगितल्या, सा निगाल्या."

"मग मालकांना आता तरी सांगायचं."

"कशापायी? एकाची जायची ती वाचली, आता दुसऱ्याची घालवू?" त्यांनी डोळे मिचकावले. "पर ती ओळ बायकोची हुती, कारकून. तिला जाऊन सांगा, गाळली म्हनून. मग बगा काय हुतंय ते!"

मी हसलो, पण वहिनींना जाऊन काही सांगितलं नाही. मला लाज वाटायची, हे खरं कारण. पण पुढच्या खेपेपासून मी रुमाल घरी ठेवायला लागलो. कोट काढून, बाही सारून, मिस्त्रींच्या शेजारी उकिडवा बसायला लागलो. वासावरून लेंडी ओळखता आली त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला. तो पंप काही परत आला नाही, आणि मिस्त्रींनाही पायरी उतरावी लागली नाही. नवरदेव मात्र शेवटपर्यंत बिनलग्नाचा राहिला.

पाच वर्षं आम्ही अशी काढली. मिस्त्री गेले ते पावसाळ्याच्या शेवटी, चार दिवसांच्या तापानं. मी तेव्हा वेळापुराकडे एका गोठ्यावर पंप बसवत होतो. त्यांच्याशिवाय पहिल्यांदाच एकटा गेलो होतो. निरोप पोचला तेव्हा सगळं आटोपूनही गेलं होतं. मी तसाच निघालो, मोटारीतून उतरून सरळ चाळीत गेलो. कोपरापर्यंत वाळलेला काला, तो धुवायचंही भान नव्हतं.

दाराबाहेर दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या.

वहिनी उंबऱ्यात आल्या. माझी नजर घागरींवर गेलेली त्यांनी पाहिली. "शेजारच्या म्हनत्यात, आता कशाला भरता," त्या म्हणाल्या. "सकाळ झाली की हात जातोयच."

मला रडू फुटलं. पाच वर्षं आत वाळलेलं तेवढंच तोंडातून बाहेर आलं. "वहिनी, तुमची एक ओळ मी गाळली होती."

त्यांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

"आदी हात धुवा," त्या म्हणाल्या, आणि घागर उचलून कलती केली. मी हात पुढे केले. एक घागर संपली तेव्हा माझे हात स्वच्छ झाले होते. तरी त्यांनी दुसरी उचलली आणि ओतत राहिल्या.