जानरावच्या अंगावरचा शालू

सन साठच्या आगेमागे अमरावतीत जवाहर गेटच्या आत ज्या बाईनं साडी घेतली, तिच्या आधी ती साडी बहुधा जानरावच्या अंगाला लागलेली असायची. तेव्हा दुकानांना काचा नव्हत्या आणि काचेमागे पुतळे तर नव्हतेच. पांढऱ्या चादरीची गादी, मागे भिंतभर कपाटं आणि गादीवर उभा जानराव. धोतर, सदरा, खांदे वखर हाकणाऱ्याचे, आणि मिशा अशा की फौजदारानंही वळून पाहाव्यात. हा गडी साडीची घडी मोडायचा, निऱ्या धरून कमरेशी खोचायचा, पदर खांद्यावर टाकायचा आणि गिऱ्हाइकापुढे उभा राहायचा. खरं तर हसू यायला हवं. पण बायका हसत नसत. त्यांना मिशा दिसतच नसत, साडी तेवढी दिसायची.

म्हातारीला साडी दाखवताना तो पदर डोक्यावरून घ्यायचा आणि जरासा वाकायचा. कॉलेजातल्या पोरीसाठी पदर मोकळा आणि मान ताठ. शाळामास्तरीण आली तर पदर असा चापूनचोपून घ्यायचा, की आता हा फळ्याकडे वळतो की काय असं वाटावं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दुकानाच्या पायऱ्या चढताना बाई पदर कसा सावरते, एवढं तो पाहून ठेवायचा.

आज असल्या कामाला मोठं नाव आहे, फोटो निघतात, टाळ्या पडतात. जानरावच्या कामाला नाव नव्हतं, फक्त पाय दुखायचे. लग्नसराईत सकाळी उभा राहिलेला माणूस दिवे लागल्यावर बसायचा. पान खायचं नाही, साडीवर डाग पडेल. रेशमाचा धागा अडकू नये म्हणून शेतात भेगाळलेले तळहात तो रोज आंघोळीला विटेच्या तुकड्यानं घासायचा. पुढं नायलॉन आलं आणि वैताग वाढला, कारण त्या मेल्या कापडाच्या निऱ्या इकडे धरल्या की तिकडे सुटायच्या. शिवाय “तुमच्या अंगावर चांगली दिसत होती” असं म्हणून चार दिवसांनी साडी परत आणणाऱ्या बाया वेगळ्याच. शेठनं एकदा मिशा काढायला सांगितल्या, तर जानराव म्हणाला, “शेठ, साडी म्हनसान थे नेसतो. मिशा नाई काढत.” शेठनं पुन्हा विषय काढला नाही.

असा हा माणूस आपल्या कामात खूष होता. फक्त काम काय करतो, हे त्यानं गावी कळू दिलं नव्हतं.

गाव नांदगाव खंडेश्वराकडचं. वडील पंजाबराव काळ्या जमिनीचे कास्तकार, बोलायला करडे. दुकानात लिहायचं काम आहे, असं जानरावनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं. पंजाबरावांनी त्याचा मुनीम केला आणि पारावर बसून साऱ्या गावाला ऐकवला. आता खरं कळलं असतं, तर गावानं पोराला बायल्या म्हटलं असतं आणि बापाला पारावर बसणं मुश्कील झालं असतं. म्हणून दर दिवाळीला जानराव गावी जायचा तो कानाला पेन्सिल लावूनच.

सत्तावन्न साली त्याचं लग्न ठरलं. मुलगी अचलपूरकडची, वामनरावांची एकुलती एक कौशल्या. तिची आई लहानपणीच गेलेली, आत्यानं, म्हणजे पार्बताबाईनं, तिला वाढवलेलं. बघायच्या कार्यक्रमात कौशल्यानं एकदाच मान वर केली आणि जानरावचं काम झालं. मुलगी त्याला मनापासून आवडली होती, हे इथं सांगून टाकलेलं बरं.

मग बस्त्याची गोष्ट निघाली. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्यांनी दुकानात एकत्र बसून लग्नाचं सगळं कापड घ्यायचं. बस्त्यात कोणी रुसलं नाही असं लग्न वऱ्हाडात झालेलं नाही, आणि काही लग्नं तर तिथंच मोडलेली आहेत. पंजाबराव मोटारीनं अमरावतीला आले आणि म्हणाले, “बस्ता तुह्याच दुकानात.”

जानराव घाईघाईनं म्हणाला, “बा, अकोल्याले जाऊ ना. तिथं माल चांगला भेटते.”

“काहून? सोताचा पोरगा मुनीम असून अकोल्याले जाऊ? बह्याड झाला का तू?”

बापाला मोटारीत बसवलं आणि जानरावनं शेठचे पाय धरले. शेठ भला माणूस, त्यानं जानरावला आपल्या शेजारी गल्ल्यापाशी बसवायचं ठरवलं. साड्या दुसरा गुमास्ता नारायण दाखवेल. नारायण कापड फाडण्यात वाकबगार होता, पण साडी दाखवायची म्हणजे वळणीवर वाळत घातल्यागत हातावर धरायचा.

बस्त्याच्या दिवशी दोन्हीकडची मंडळी गादीवर बसली. बांगड्या भरायच्या म्हणून कौशल्यालाही आणलं होतं. पायऱ्या चढताना तिनं डोक्यावरचा पदर एका बोटानं कानामागं खोचला, तो जानरावला दिसला. मग ती आत्याच्या पाठीमागं जाऊन बसली.

नारायणनं शालू काढायला सुरुवात केली. हिरवा झाला, जांभळा झाला, केशरी झाला. पार्बताबाईचं नाक वर ते वरच.

“हे काय दाखवून राहिले बाप्पा? हे तं चादर वाटते.”

दुपार कलली. गादीवर शालूंचा ढीग पडला आणि पंजाबरावांचा धीर सुटला. “इवाई, आमच्या पोराच्या दुकानातला माल हाय. एवढी नावं ठेवाले काय झालं?”

“नावं नाई ठेवत,” वामनराव म्हणाले, “पन आमाले एकच पोरगी हाय.”

“मंग आमाले का दहा पोरं हायेत?”

एकातून दुसरं निघत गेलं. मानपानाचं निघालं, जेवणावळीचं निघालं. शेवटी वामनराव उठले आणि वहाणा शोधू लागले. “चाल वं पार्बता. बस्ता पुढं पाहू.”

बस्ता पुढं पाहू, याचा अर्थ तिथं प्रत्येकाला कळत होता.

जानराव गल्ल्यापाशी बसून हे सगळं पाहत होता. शालू चांगला होता, नुसता अंगावर चढायचा राहिला होता. उठावं तर बापाची अब्रू जाते, बसून राहावं तर कौशल्या जाते. त्यानं कानामागची पेन्सिल काढून गल्ल्यावर ठेवली आणि तो उठला.

ढिगातला हिरवा शालू त्यानं उचलला. निऱ्या धरल्या, खोचल्या, पदर डोक्यावरून घेतला. आणि हाताला जी सवय होती ती होतीच, त्यानं एका बोटानं पदर कानामागं खोचला.

सगळ्या माना वळल्या. मग पार्बताबाईच्या तोंडून निघालं, “अवं माय! नवरदेवच नवरी झाला नं!”

शेजारच्या गादीवरची गिऱ्हाइकं खो खो हसली. वामनराव एक वहाण पायात, एक हातात, असे उभे राहिले. पंजाबरावांचा चेहरा तांबडालाल झाला. जानरावच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या, तरी त्यानं निऱ्या सोडल्या नाहीत, कारण निऱ्या सोडल्या की शालू चुरगळतो.

तेवढ्यात आत्याच्या पाठीमागून हळू आवाज आला.

“आत्या, हा नाई. मंघाचा जांभळा घ्याले सांग त्याईले.”

बस्त्यात नवरीनं बोलायचं नसतं. पार्बताबाई गर्रकन मागं वळल्या. आवाज थांबला नाही.

“अन् पदर थोडा मांगं घ्या म्हना. काठ दिसत नाई.”

पार्बताबाईला हसू आवरेना. डोळ्यांना पदर लावून त्या हसत सुटल्या, आणि त्या हसल्या म्हणून वामनरावही हसले. हातातली वहाण त्यांनी खाली ठेवली. जानरावनं जांभळा शालू अंगावर घेतला, पदर जरा मागं सरकवला.

“हाच,” मागून आवाज आला.

त्यानंतर बस्ता धडाक्यात झाला. आत्याचं लुगडं, मामीची साडी, मानाच्या बायांची पातळं, सगळं जानरावच्या अंगावर चढलं आणि उतरलं. पार्बताबाई त्याला फिर म्हणायच्या, तो फिरायचा. शेठनं चहा मागवला.

पंजाबराव मात्र भिंतीला टेकून बसले होते. गाठोडी बांधून झाली, पाहुणे बांगड्यांच्या दुकानाकडे गेले, तेव्हा ते म्हणाले, “मंजे मुनीम नाईस तू.”

“नाई बा.”

“कवापासून हे करून राहिला?”

“पयल्यापासून.”

जानराव मान खाली घालून शिव्यांची वाट पाहत राहिला. पंजाबरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“तुह्या मायचं लुगडं राह्यलं,” ते म्हणाले.

म्हैस व्यायली म्हणून आई घरीच राहिली होती. नसती व्यायली, तरी आली नसती. कापडाच्या दुकानात ती जन्मात कधी बसली नव्हती. पंजाबराव दिवाळीला जे लुगडं काखोटीला मारून आणायचे, ते ती नेसायची. त्यांनीही कधी घडी मोडून पाहिलं नव्हतं. जानरावनं घाईनं कपाटातून एक नऊवारी काढून पुढं ठेवलं.

“घडी काय दाखवतं मले? आंगावर घे.”

जानरावनं लुगडं उलगडलं. आईसारखा पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला आणि जमिनीकडे पाहत उभा राहिला. पंजाबराव उठून जवळ आले. काठ पाहिला, पदर पाहिला, दोन पावलं मागं सरून मान तिरपी करून पुन्हा पाहिलं. तीस वर्षं संसार केलेल्या माणसानं बायकोचं लुगडं आज पहिल्यांदा निवडायला घेतलं होतं.

“तोंड वर कर,” ते म्हणाले. “तुही माय अशी तोंड पाडून उभी नाई राहत. हासते थे.”

जानराव हसला.

“हं,” पंजाबराव म्हणाले, “हेच बांध.”