विहिरीचा सुरुंग नव्हता तो

मी नववीत असताना, होळीच्या आदल्या दुपारी, पेठ गावाजवळच्या वसतिगृहात आम्हा मुलींना कोंडून जेवायला बसवलं होतं. आम्ही सणाला घरी पळून जाऊ नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप, आणि किल्ली घेऊन चौकीदार बाजारात. जमिनीखालून घरघर आली, ताटं खडखडली, छपराची धूळ वरणात पडली. "बाई, भूकंप हाय, दार उघडा," मी रडत म्हणाले. "गप जेव. विहिरीला सुरुंग लावलाय कुणीतरी," वाढणाऱ्या बाई म्हणाल्या आणि स्वतःच दार बडवायला लागल्या. पायाखालची अख्ख्या देशाची जमीन उत्तरेकडे सरकतेय, त्या रेट्याने आपला काळा कातळही तडकतो, हे आदल्याच आठवड्यात शाळेत शिकवलं होतं आम्हाला. छप्पर टिकलं. कुलूपही टिकलं. आजही ताटं वाजली की मी आधी दार बघते. तुमची मुलगी ज्या वसतिगृहात राहते तिथे उद्या जा, आणि बाहेरून कुलूप दिसलं तर ते काढल्याशिवाय परतू नका.