पेटीसर आणि शेवटचं घर

पेटीसर कुणाच्याही घरी गेले की आधी कोपऱ्यातल्या पेटीकडे बघायचे, मग माणसांकडे. माझे वडील गेले तेव्हा भेटायला आले, तेही पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला आहे ना, हे बघूनच टेकले. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता. आता तो राग आठवला की लाज वाटते.

शाळेत त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं वाडीत रमतात नाहीतर राजकारणात. सरांनी घरोघरी व्हिडिओ साठवून पुढे पाठवणाऱ्या छोट्या पेट्या बसवल्या. आमचं गाव दिघीच्या खाडीकडे, डोंगराच्या आडोशाला. मोबाइलला रेंज मिळणं म्हणजे नशिबाचा भाग, धड इंटरनेट फक्त शाळेत. सरांनी युक्ती काढली. शिकवणीचा व्हिडिओ शाळेत एकदाच उतरवायचा. मग तो तुकड्यातुकड्यांनी एका घरच्या पेटीतून शेजारच्या पेटीत, तिथून पुढच्या घरात. ज्याच्याकडे जो तुकडा आला, त्याने तो पुढे द्यायचा.

पण आम्ही पडलो वस्ताद. आपला व्हिडिओ उतरला की पेटी बंद! "उगाच वीज कशाला जाळायची," असं म्हणायचो आणि ओटीवरचा पंखा मात्र रिकाम्या खुर्चीवर फिरत असायचा. सर दारात उभे राहून म्हणायचे, "घेतलंस ना? मग आता दुसऱ्याला घेऊ दे की गं." आधी हसत म्हणायचे. पुढे पुढे हसणं बंद झालं.

मग त्यांनी वाडीतल्या पाण्याचा नियम पेट्यांना लावला. आमच्याकडे सामाईक विहिरीचा पाट साफ करायला जो येतो, त्याच्या माडांना पाणी आधी मिळतं. तसंच, जी पेटी जास्त देईल तिला आधी मिळेल. महिन्याभरात सगळ्या बागाईतदारांच्या पेट्या चोवीस तास सुरू! सर इतके खूश झाले की त्यांनी शाळेत पेढे वाटले.

कोळीवाड्याच्या टोकाला हिराबाईंचं घर. त्यांची सायली नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती आणि तिची सगळी भिस्त या पेटीवर. एक दिवस हिराबाई मासळीची पाटी उतरवून सरांच्या अंगणात बसल्या. मी तिथेच होते.

"सर, पोरीचा धडा चार दिस झालं उतरत न्हाय."

"पेटी चालू ठेवता ना?"

"ठेवतो की. पन आमचं घर शेवटचं. आमच्या फुडं दर्या हाय. आमच्या पेटीकडं मागनार कोन? कोनी मागितलंच न्हाय, तर ती देनार कशी?"

सर उठून हिराबाईंसमोर पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले, "हिराबाई, चूक माझी आहे. कोळीवाड्यात पाट कधी नव्हताच, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." सरांना चूक कबूल करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी शाळेत सगळ्यांना बोलावलं. ज्याच्यापुढे द्यायला कुणी नाही, त्याला आधी मिळावं, असा नवा नियम मांडला. "चोवीस तास आम्ही द्यायचं आणि मागेही आम्हीच राहायचं? हा कुठला न्याय, सर?" हे विचारणारे माझे यजमान होते. मी शेजारी बसून साडीचा पदर नीट करत होते. खरं सांगायचं तर मला ते पटलंच होतं.

सरांनी नियम बदलला. पण त्याच सुमारास बागाईतदारांच्या छपरांवर स्वतःच्या इंटरनेटच्या तबकड्या आल्या. गरज संपली, तशा पेट्या एकेक करून निघाल्या. आमचं घर डोंगराच्या वळणावर; कोळीवाड्याकडे जाणारं सगळं आमच्याच पेटीतून पुढे जायचं. सरांनी मला हे दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी आम्ही पेटी काढली, कारण भिंतीला रंग द्यायचा होता.

सर आले. चहाही घेतला नाही. "परीक्षेला तीन आठवडे आहेत. तेवढे दिवस तरी ठेव गं."

"रंग झाला की लावते हं, सर."

रंग झाला. पेटी माळ्यावरच राहिली. विसरले, असं मी सगळ्यांना सांगत आले आहे. खरं म्हणजे नव्या रंगाच्या भिंतीवर ती वायर मला नको होती.

सायलीचा प्रवेश झाला नाही. हल्ली ती कोळंबी सोलायच्या कारखान्यात जाते. रस्त्यात भेटली की मला "कशा आहात, ताई?" असं नीट विचारते, आणि मला तिच्या बोटांकडे बघवत नाही.

सरांनी शाळेतली मुख्य पेटीही काढून टाकली. वर्षभराने ते कायमचे मुलीकडे पनवेलला निघाले, तेव्हा मी दिघीच्या धक्क्यावर सोडायला गेले. गाड्या फेरीबोटीत चढत होत्या. न राहवून मी विचारलं, "सर, माझ्यावर रागावलात का?"

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुझ्यावर कसा रागावू? तुला शिकवलं तर मीच ना."