पाचवा नियम वाचायचा राहिला

माझा आवाज मोठा. विहारात वंदना म्हणायला मला पुढं उभं करायचे ते आवाजामुळंच, ज्ञानामुळं नव्हे. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नारपोलीच्या आमच्या गोदामात मुंबईच्या हेड ऑफिसातून कंपनीची आचारसंहिता आली, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ती माझ्याच हातात ठेवली. म्हणाले, "तू वाच. शेवटच्या हमालापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मी गोदामातला कारकून, राहायला कामतघरच्या चाळीत. बाप जन्मभर लूमपाशी उभा राहिला. खुर्चीवर बसणारा घरातला मीच पहिला. काय तो माझा रुबाब! कापडाच्या गाठीवर चढून मी आधी मराठीत वाचलं, मग हमालांसाठी हिंदीत. लाच घेऊ नये, खोटं लिहू नये, मालाची नासधूस करू नये. चौथा नियम जरा वेगळा होता: धोका दिसला तर कोणीही काम थांबवावं. पाचवा वाचणार तेवढ्यात चहा आला आणि सभा उठली. कायम नोकरांनी सह्या केल्या. रोजावरच्यांना कोणी सही मागितली नाही.

रोजावर झाडू मारायला एक मावशी यायची, डोंगराकडच्या पाड्यावरची. पावसाळ्यात शेतीवर, एरवी आमच्याकडं. तिला वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नव्हती. त्या दिवशी ती कोपऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

आठवड्याभरात एका दुपारी ट्रक लागला. हमाल थप्पीतून गाठी काढायला निघाले, तर मावशी झाडू आडवा धरून वाटेत उभी!

"थप्पी वाकली हाय. खाली कोनी जायचं न्हाय."

मुकादम ओरडला, हमाल हसले. ती जागची हलेना. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "त्यानंच वाचलंय. कोनीपन काम थांबवायचं." शेवटी थप्पी वरून उतरवून नीट लावावी लागली आणि ट्रक दोन तास रखडला. काही पडलं नाही, कोणाला खरचटलंही नाही, आणि तीच तर पंचाईत. गाठी कोसळल्या असत्या तर मावशी शहाणी ठरली असती. आता ती नुसती आगाऊ ठरली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ते नियम कायम माणसांसाठी आहेत. रोजावरची बाई ट्रक अडवते म्हणजे काय? उद्यापासून ती नको. थप्पी ठीक होती असं लिही आणि खाली सही कर."

मी पेन उघडलं. खरं सांगतो, लिहिणारही होतो. पण एक गोष्ट आतून खात होती. त्या दिवशी सकाळी ती थप्पी मलाही कललेली दिसली होती. 'आपल्याला काय करायचंय' म्हणत मी पुढं गेलो होतो. गाठीवर चढून छाती फुगवणारा मी! अशी लाज वाटली की कानशिलं तापली. आणि लाज वाटली की माझा आवाज आणखीच चढतो, हा जुना स्वभाव.

"साहेब, थप्पी वाकली होती! मी सकाळीच पाहिली होती. बाईनं नियम पाळला. मोडला तो मी."

हे अख्ख्या गोदामाला ऐकू गेलं. आता मावशीला काढायचं तर सगळ्यांच्या देखत काढावं लागणार, आणि तेवढी छाती साहेबांची नव्हती. पण राग कुठंतरी निघायलाच हवा, तो माझ्यावर निघाला. संध्याकाळी मेमो हातात पडला: कामात हयगय. म्हटलं, घ्या! घडी करून वरच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी झाडत झाडत माझ्या टेबलापाशी आली. मेमोची गोष्ट तिला हमालांनी सांगितलीच होती.

"चहा आला तवा तू एक नियम ठेवलास. तो वाच."

मी कागद काढला. तोवर मीही तो धड वाचलेला नव्हता. "स्वतःची चूक खरी सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही."

ती माझ्या खिशाकडं बघत राहिली. "मंग तुला कागद कशाला दिला?"

"मला काय विचारतेस? जा, साहेबांना विचार," मी वैतागून म्हणालो.

आणि बाई गेली की! झाडू हातात तसाच, थेट केबिनचं दार ढकलून आत.

"सायबा, पाचवा तू वाचलायस का न्हाय?"