चौथी क्लिक

जरीपटका भागातल्या त्या दुकानदाराचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून देणं हा त्याचा धंदा. ते काम सोपं करणारा नवा इन्स्टॉलर मी बनवत होतो, म्हणून तो त्यालाच वापरायला दिला.

"फक्त तीन क्लिक," मी ऐटीत सांगितलं.

पडद्यावर 'डिस्क पुसा' आलं, तसा चटका बसल्यासारखा त्याने माऊसवरचा हात उचलला. कॉम्प्युटर घेऊन आलेल्या काकूंकडे वळला.

"काकू, यात कोनाचे फोटो आहेत का?"

"ह्यांचे आहेत. आता तेवढेच राहिले."

काकूंना चहा देऊन तो एकेक फोटो पेन ड्राइव्हवर उतरवत बसला. मग मला म्हणाला, "तुमचा इन्स्टॉलर लोकायले हे काहून नाही विचारत, भाऊ?"

माझ्या इन्स्टॉलरला आता चार क्लिक लागतात.